सव्वीस महिन्यांची मुलगी, किडलेले वरचे दात आणि वाया गेलेली पहिली भेट

दोन वर्षं दोन महिन्यांची मुलगी. वजन-उंची वयाला साजेशी, मोठं आजारपण कुठलंच नाही. आईला तिच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत तपकिरी रेघ दिसली. आधी वाटलं, काहीतरी चिकटलं असेल. ओल्या फडक्यानं पुसूनही रेघ जाईना, तेव्हा तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या भेटीत मुलीनं तोंडच उघडलं नाही. पंधरा दिवसांनंतरची दुसरी वेळ घेतली आणि मधल्या दिवसांत घरी तयारी करून घेतली. या वयात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चित्रावरून हे प्रकरण मांडलं आहे. कुणा एका मुलीची ओळख त्यात नाही. ते मांडण्यामागचं कारण असं, की एवढ्या लहान मुलाची डॉक्टरांसाठीची तयारी समजावून सांगण्यानं फारशी होत नाही. ती होते रोज रात्री घरी दात कसे घासले जातात त्यावरून.

तोंडात काय होतं

एकूण सोळा दात आलेले, खालच्या दुसऱ्या दाढांची टोकं हिरडीतून नुकतीच वर डोकावणारी. वरच्या मधल्या दोन दातांवर ओठाच्या बाजूनं, हिरडीला लागून, पिवळट-तपकिरी खळगे होते. आतला भाग मऊ. त्यांच्या शेजारच्या दोन दातांवर खळगा नव्हता, पण खडूसारखी पांढरी, निस्तेज पट्टी होती. वरच्या डाव्या पहिल्या दाढेची चघळायच्या बाजूची खाच काळपट आणि मऊ होती. सुळे स्वच्छ, खालचे पुढचे दात तर अगदी स्वच्छ. सूज, पुळी, ताप किंवा रात्री दुखून उठणं यातलं काहीच नव्हतं.

कीड नेमकी याच दातांना का लागली, हे कळलं की निम्मं प्रकरण उलगडतं. बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं. खालच्या दातांवर मात्र जीभ पसरलेली असते आणि जिभेखालीच लाळग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे ते धुतले जातात. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि गिळणंही कमी होतं, म्हणून दिवसा जे वाहून जातं ते रात्री तसंच राहतं. जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच (आम्लाचं माप; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातली, खनिजं विरघळायला लागतात. दात कोणत्या क्रमानं आले तेही इथं वाचता येतं. वरचे पुढचे दात सगळ्यात जास्त महिने या माऱ्यात होते, पहिल्या दाढा त्याहून कमी. सुळे उशिरा आले म्हणून वाचले.

तीन वर्षांच्या आत दाताच्या गुळगुळीत बाजूवर किडीची कुठलीही खूण दिसली, अगदी नुसती पांढरी पट्टी का असेना, तरी ती तीव्र प्रकारची बालदंतकीड धरली जाते. दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. पुढचे दात सहा-सात वर्षांपर्यंत आणि दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात, आणि खाली घडत असलेल्या कायमच्या दातांसाठी जागाही त्याच राखून ठेवतात.

घरातली दिनचर्या

चौकशीत एकेक गोष्ट पुढे आली. झोपताना १८० मिलिलिटर दुधाची बाटली, त्यात एक चमचा साखर. पहाटे तीनच्या सुमारास तशीच दुसरी. दिवसा फळांचा रस सिपरमध्ये भरलेला. मुलगी तो हातात घेऊन घरभर फिरायची आणि दर थोड्या वेळानं एक घोट घ्यायची. घरात कुणाला हे प्रमाण जास्त वाटलं नव्हतं, कारण दिवसभरात रस जेमतेम कपभर जायचा. पण दातांना किती यापेक्षा किती वेळा हे जास्त बाधतं. एका घोटानंतर तोंडातलं आम्ल निवायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात दुसरा घोट आला की दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. त्यातच महिनाभर खोकल्याचं गोड औषध चालू होतं आणि ते रात्री दात घासून झाल्यावर दिलं जायचं. डॉक्टरांनी विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही, कारण औषधाला कुणी गोड खाणं म्हणत नाही.

दात घासायचं काम मुलीकडेच होतं. ती ब्रश चावायची, पेस्ट चोखायची आणि मोठी माणसं कौतुक करायची. पेस्ट ‘गिळली तरी चालेल’ असं लिहिलेली, म्हणजे बिनफ्लोराइडची; फ्लोराइड हा कीड रोखणारा घटक तिच्यात नव्हता. या वयाच्या मुलाच्या मनगटाला दात घासण्याइतकी हुकमत नसते. ती साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास येते. तोवर ब्रश मोठ्यांच्याच हातात हवा.

पहिली भेट का फसली

वेळ दुपारी उशिराची होती, म्हणजे नेमकी मुलीच्या झोपेची. दवाखान्यात तिला एकटीला मोठ्या खुर्चीत बसवलं. मोटरच्या आवाजासरशी पाठ मागे कलली, डोळ्यांवर प्रखर दिवा आला आणि ओळख नसलेला मास्क घातलेला चेहरा डोक्याच्या बाजूनं खाली झुकला. ती किंचाळली. आई म्हणाली, “काही दुखणार नाही हं बाळा,” आणि मुलीला त्यातला ‘दुखणार’ तेवढाच कळला. बाबांनी घाईत धमकी दिली, की तोंड उघडलं नाहीस तर इंजेक्शन देतील. मग तोंड आणखी घट्ट मिटलं.

यात मुलीचा हट्टीपणा शोधू नये. तीन वर्षांच्या आतल्या मुलानं अनोळखी माणसासमोर शांत पडून तोंड उघडावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या वयात रडणं हे स्वाभाविक वागणं आहे आणि सराईत डॉक्टर ते गृहीत धरूनच काम करतात. पण या भेटीत एक गोष्ट वेगळी काढून बघण्यासारखी आहे. जागेपणी उताणं पडायचं, कुणीतरी डोक्याच्या बाजूनं वाकणार, ओठ वर उचलणार आणि काहीतरी कडक वस्तू दातांना लावणार, असा अनुभव तिला आयुष्यात एकदाही आलेला नव्हता. पहिल्यांदा आला तो परक्या जागी, झोपमोड झालेली असताना. दवाखान्याची चित्रं दाखवून आणि गोष्टी सांगून ही उणीव भरून निघत नाही.

मधले पंधरा दिवस

घरी पहिला बदल झाला तो ब्रश करण्याच्या बैठकीत. मोठ्या माणसानं पलंगावर मांडी घालून बसायचं, मुलीला उताणं झोपवायचं, डोकं आपल्या मांडीवर आणि पाय समोर. वरून बघितलं की आरशाशिवाय सगळे दात दिसतात आणि डोकं आपोआप स्थिर राहतं. डाव्या हाताच्या तर्जनीनं वरचा ओठ उचलायचा आणि उजव्या हातानं ब्रश हिरडी-दाताच्या रेषेवर थोडा तिरपा टेकवून बारीक हालवायचा. ब्रशचं डोकं लहान आणि केस मऊ हवेत.

इथं बहुतेक घरांत एक चूक होते आणि तिच्यापायी मूल ब्रशचं नाव काढलं की पळतं. वरच्या ओठाच्या आत, मधोमध, ओठ आणि हिरडी जोडणारी त्वचेची पातळ दोरी असते. ब्रशची कडक पाठ किंवा टोक तिच्यावर आपटलं की चांगलंच दुखतं. या घरीही तिसऱ्या रात्री तेच झालं आणि मुलीनं आजीच्या बोटाला चावा घेतला. उपाय सोपा आहे: ओठ उचलणारं बोट त्या दोरीवरच आडवं ठेवायचं, म्हणजे ब्रश लागला तरी बोटाला लागतो. त्यानंतर कुरकुर बरीच कमी झाली. चावा टाळायचा असेल तर बोट दातांच्या मधे न घालता गालाच्या आतून मागे सरकवावं.

पहिल्या दोन रात्री कोरडा ब्रश, फक्त वरचे पुढचे दात, दहापर्यंत आकडे मोजून लगेच उठू द्यायचं. तिसऱ्या रात्रीपासून फ्लोराइडची पेस्ट. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. पेस्ट १००० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड असलेली, असेल तर दाण्याएवढ्या पेस्टमध्ये ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, दोन वेळचं मिळून ०.२. सगळं गिळलं तरी एवढंच पोटात जातं, म्हणून या वयात थुंकता येत नाही याची काळजी नको. काळजी घ्यायची ती प्रमाणाची. कायमच्या पुढच्या दातांचं इनॅमल याच वयात हिरडीखाली घडत असतं आणि ब्रशभर पेस्ट रोज गिळली गेली तर त्यावर पांढरे ठिपके उमटू शकतात. पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेल्या भागात डॉक्टरांना विचारून ठरवावं. घासून झाल्यावर पाण्यानं खळखळून धुवायचं नाही, नुसतं पुसायचं, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं.

पाचव्या रात्री मुलगी फार रडली आणि बाबांनी ब्रश न करताच तिला उचललं. सहाव्या रात्री रडं दुप्पट झालं, कारण रडलं की सुटका होते हे तिला कळलं होतं. तेव्हापासून घरानं एक नियम केला: वेळ कमी करायची, पण टाळायचं नाही. पाच आकड्यांत आटपलं तरी चालेल, आकडे संपेपर्यंत मात्र थांबायचं. रडताना तोंड उघडंच असतं. तेवढ्यात मागच्या दाढाही होऊन जातात.

दुसऱ्या आठवड्यात दोन भर पडल्या. ब्रश झाल्यावर छोट्या चमच्याची थंड पाठ दातांना लावून दात मोजायचे. डॉक्टरांचा आरसा जवळपास असाच लागतो. आणि दोन मोठ्यांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. मुलगी आईच्या मांडीवर, आईकडे तोंड करून, पाय आईच्या कमरेभोवती. तशीच हळूच मागे कलवून डोकं बाबांच्या मांडीवर. आईचा चेहरा तिला सतत दिसतो, हात आईच्या हातात असतात. दवाखान्यात लहानांना याच बैठकीत तपासतात.

शब्द घरात ठरवून घेतले: मोजणं, पुसणं, बघणं. दुखणं, सुई, काढणं हे शब्द नाकारार्थीही वापरायचे नाहीत. ‘रडली नाहीस तर खेळणं देईन’ असा सौदाही नको, कारण त्यातून रडण्यासारखं काहीतरी होणार आहे हेच कळतं. आणि दोन वर्षांच्या मुलाला चार दिवस आधी सांगून उपयोग नाही. त्या दिवशी सकाळी सांगितलं की पुरे.

बाटलीचं काम याच काळात सुरू झालं, पण पायरीपायरीनं. आधी साखर: एक चमचा, मग अर्धा, मग पाव, आठवड्याच्या आत बंद. मग झोपतानाची बाटली ब्रशच्या आधी आणली. पहाटेच्या बाटलीत तीन रात्री पाऊण दूध-पाव पाणी, तीन रात्री निम्मं-निम्मं, मग फक्त पाणी. नुसत्या पाण्यासाठी उठणं चारेक रात्रींत थांबलं. या वयात वजन नीट वाढत असलेल्या मुलाला रात्री पोटासाठी दुधाची गरज उरत नाही. वजन कमी असेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं. अंगावर पिणाऱ्या मुलांसाठी हाच साचा जसाच्या तसा लावू नये. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही स्तनपानाची शिफारस करते. तिथं भर द्यायचा तो झोपेआधी दात स्वच्छ करण्यावर, फ्लोराइडवर आणि दिवसभरातली इतर साखर कमी करण्यावर.

दुसरी भेट

वेळ सकाळची घेतली, झोप पूर्ण झालेली आणि खाऊन दीडेक तास झालेला. पोट भरल्या भरल्या नेलं तर ओकारी येते, उपाशी नेलं तर चिडचिड वाढते. सोबत तिचा ब्रश, घरातल्या पेस्टचं खोकं आणि औषधाची बाटली घेतली. लेबलवरून पीपीएम आणि साखर दोन्ही वाचता आली. फॉर्म घरीच भरला होता, त्यामुळे बाहेर ताटकळणं वाचलं. डॉक्टरांशी आधी फोनवर बोलून ठेवलं होतं: आईच्या मांडीवरच तपासा, खुर्ची नको, दिवा डोळ्यांवर नको.

मागे कलवताना मुलगी रडायला लागली. डॉक्टरांनी आधी तिचाच ब्रश घेतला, घरच्यासारखे आकडे मोजत दात घासले, मग आरसा लावला. सातव्या-आठव्या आकड्याला रडणं हुंदक्यांवर आलं. गॉजनं दात कोरडे केल्यावर पांढऱ्या पट्ट्या स्पष्ट दिसल्या. ओल्या दातावर त्या लपतात, म्हणून घरी ओठ उचलून बघतानाही दात आधी पुसावेत. तपासणी तीन मिनिटांत संपली. मुलांच्या वागण्याची नोंद ठेवायला फ्रँकल यांची चार पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. पहिल्या भेटीची नोंद सगळ्यात खालच्या पायरीची होती, या वेळी दुसरीची. पंधरा दिवसांत एवढंच होणं अपेक्षित होतं, आणि कामाला ते पुरलं.

उपचाराचे तीन मार्ग समोर होते: भूल देऊन सगळं एकदम करणं, धरून ठेवून भरणी करणं, किंवा कीड जागच्या जागी थांबवणं. दात दुखत नव्हते, दाताच्या आतल्या नसेला कीड पोचल्याची खूण नव्हती, म्हणून तिसरा मार्ग योग्य होता. शिवाय रात्रीची बाटली नुकतीच सुटत असताना केलेल्या भरणीची कड पुन्हा किडण्याची शक्यता मोठी असते.

त्यासाठी ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण मधल्या दोन दातांना आणि दाढेच्या खाचेला लावलं. त्यातली चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड मऊ भाग कडक करतो. सुई लागत नाही, मशीन लागत नाही. पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे आई-वडिलांना आधी फोटो दाखवून सांगायलाच हवं आणि विचार करायला वेळही द्यायला हवा. इथं आजीला ते अजिबात पटत नव्हतं. काळा पण कडक दात आणि पिवळा पण आत पोखरत जाणारा दात यांत निवड करायची आहे, हे समजल्यावर घरच्यांनी होकार दिला. पुढं मूल मोठं आणि शांत झालं की काळ्या भागावर पांढरी भरणी करता येते, हेही सांगितलं.

कृती साधी होती. ओठाला आणि हिरडीला व्हॅसलीन, कारण द्रावण त्वचेला लागलं तर तपकिरी डाग आठ-दहा दिवस राहतो. दात कापसानं कोरडे केले. एक थेंब सगळ्या जागांना पुरला. बारीक ब्रशनं लावून सुमारे मिनिटभर ठेवला आणि जास्तीचा टिपून घेतला. त्यावर सगळ्या दातांना ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांना चिकटून राहणारा लेप, दुधाच्या दातांसाठी ०.२५ मिलिलिटर. चांदीची ॲलर्जी असेल किंवा तोंड आलं असेल तर हे द्रावण टाळतात. त्या दिवशी मऊ खाणं, रात्री ब्रश नाही, दुसऱ्या सकाळपासून नेहमीसारखं. तोंडाला थोडा वेळ धातूची चव येते. मुलगी तोंड वाकडं करून पाणी मागत होती, ते दिलं.

पुढचे तीन महिने

तीन आठवड्यांनी मधल्या दोन्ही दातांवरचा भाग काळा आणि कडक झालेला होता. दाढेची खाच मात्र अजून मऊ लागत होती. चघळायच्या बाजूच्या खाचेत अन्न दाबून बसतं, तिथं नुसतं द्रावण पुष्कळदा कमी पडतं. ते पुन्हा लावलं. तीन महिन्यांच्या भेटीत मुलगी स्वतः मागे कलली आणि आकडे मोठ्यानं म्हणाली. तेव्हा हातानं चालवायच्या छोट्या चमच्यासारख्या अवजारानं खाचेतला मऊ भाग काढून ग्लास आयनोमर या दाताला चिकटणाऱ्या सिमेंटची भरणी केली. सुई लागली नाही. पांढऱ्या पट्ट्या आता चकचकीत आणि गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे तिथली कीड थांबली होती. खडबडीत आणि निस्तेज राहिल्या असत्या तर घरात साखर अजून कुठून तरी जाते आहे असं धरून शोधावं लागलं असतं. वार्निश पुन्हा लावलं आणि ते दर तीन महिन्यांनी ठरवलं; चांदीचं द्रावण सहा महिन्यांनी पुन्हा.

हीच मुलगी पहिल्या वाढदिवसाच्या आत आली असती, म्हणजे पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांत, तर बहुधा नुसत्या पांढऱ्या पट्टीपाशी किंवा त्याच्याही आधी हे सापडलं असतं. तेव्हा पेस्ट, वार्निश आणि बाटलीची वेळ बदलणं एवढ्यावर भागलं असतं. पहिली भेट दात नीट दिसत असतानाच घ्यायची ती यासाठी.

दुसऱ्या दाढा पूर्ण आल्या की त्या पहिल्या दाढांना चिकटतील. तिथं ब्रशचे केस पोचत नाहीत, म्हणून रोज रात्री त्याच बैठकीत त्या चार फटींतून फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, फिरवायचा. डाव्या दाढेची कीड बाजूला पसरली तर भरणीऐवजी स्टीलची टोपी बसवावी लागेल. हॉल पद्धतीनं, म्हणजे दात न कोरता टोपी वरून दाबून, ती सुई आणि मशीनशिवायही बसते. मात्र गालाला सूज आली, ताप आला, हिरडीवर पुळी दिसली किंवा मुलगी दाताच्या कळेनं रात्री झोपेतून उठली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. ज्या दाताच्या आतल्या नसेला कीड पोचली आहे, त्याला हे द्रावण लावून भागत नाही; त्याचा उपचार वेगळा असतो.